जोडशब्दांच्या सांध्यांवरचा ऑनलाइन वर्ग : जर्मन भक्कम, मराठी तोकडी

दोन शब्द जोडून तिसरा शब्द तयार करताना मध्येच एखादा स्वर किंवा व्यंजन येऊन बसते. ते कुठून येते, का येते आणि कधी अजिबात येत नाही, एवढ्या एका प्रश्नाला वाहिलेला मराठी माध्यमातील वर्ग पुण्यातील एका छोट्या खासगी भाषासंस्थेने सुरू केला आहे. जर्मनची मधली पायरी ओलांडलेले विद्यार्थी आणि अनुवादक हा त्याचा मुख्य ग्राहक. सात रेकॉर्ड केलेली व्याख्याने, प्रत्येकासोबत छापण्याजोगे टिपण, सरावाचे प्रश्न आणि शेवटी शंकानिरसनाची एक थेट बैठक, असे त्याचे स्वरूप आहे. जर्मनवरची तीन आणि डचवरचे एक व्याख्यान इतके चांगले आहे की केवळ त्यांच्यासाठी शुल्क भरावे. मराठीवरचे व्याख्यान मात्र इतके घाईत उरकले आहे की ते नसते तरी चालले असते.

पुण्यात जर्मन शिकण्याची परंपरा जुनी आहे. रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्स म्युलर भवन यांतून बाहेर पडलेले अनेक जण चाकण परिसरातील वाहनउद्योगासाठी यंत्रांच्या पुस्तिका, सुरक्षासूचना आणि देखभालीची वेळापत्रके मराठीत किंवा इंग्रजीत आणतात. त्या कागदांवरचे निम्मे श्रम व्याकरणावर होत नाहीत, तर लांबलचक जोडशब्द नेमका कुठे तोडायचा, यावर होतात. हा वर्ग ती अडचण ओळखून सुरुवात करतो आणि पहिल्याच व्याख्यानात ‘वाखश्टूबे’ हा जुना नमुना समोर ठेवतो. रोमन लिपीत तो शब्द ‘वाख’ आणि ‘श्टूबे’ असा तोडला तर पहाऱ्याची खोली, आणि ‘वाक्स’ आणि ‘टूबे’ असा तोडला तर मेणाची नळी. अक्षरे तीच, क्रम तोच. मधला ‘स’ एकदा दुसऱ्या शब्दाच्या वाट्याला जातो आणि एकदा पहिल्याच्या. जोडणारा ‘स’ मात्र तो दोन्ही वेळा नसतो. दिसेल त्या ‘स’ला सांधा समजू नये, हे शिकवण्याची याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही.

त्यानंतर व्याख्याते जर्मनमधील जोडघटकांकडे वळतात. बहुसंख्य जर्मन जोडशब्दांत मध्ये काहीच येत नाही, हे ते आधी स्पष्ट करतात, आणि ते आवश्यकही होते, कारण नवशिके विद्यार्थी सवयीने सगळीकडे ‘स’ घुसवत राहतात. जिथे जोडघटक येतो तिथे तो ‘स’, ‘एस’, ‘न’, ‘एन’, ‘एर’ किंवा नुसता ‘ए’ असतो. आपल्याकडच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत हा ‘स’ षष्ठीचा आणि ‘एर’ किंवा ‘एन’ अनेकवचनाचा, असे सांगून विषय मिटवलेला असतो. वर्गाचे खरे बळ असे की तो हे स्पष्टीकरण मान्य करत नाही आणि का करत नाही, ते उदाहरणांनी दाखवतो. ‘लीबेसब्रीफ’ म्हणजे प्रेमपत्र. यातील ‘लीबे’ हे स्त्रीलिंगी नाम आहे आणि जर्मनमध्ये स्त्रीलिंगी नामाच्या षष्ठीला ‘स’ कधीच लागत नाही. तरीही तो तिथे आहे. ‘उंग’, ‘हाइट’, ‘काइट’, ‘शाफ्ट’ हे प्रत्यय अंती असलेली सगळी नामे स्त्रीलिंगी, आणि जोडशब्दाच्या आरंभी ती आली की ‘स’ ठरलेलाच. ‘ह्यूनरआय’ म्हणजे कोंबडीचे अंडे; त्यात ‘कोंबड्या’ हे अनेकवचनी रूप आहे, पण एक अंडे एकाच कोंबडीचे असते. म्हणजे रूप ओळखीचे असले तरी त्याने काम बदलले आहे.

या बदलाचा इतिहास व्याख्याते थोडक्यात पण नीट सांगतात. पूर्वी षष्ठीतील शब्द नामाच्या आधी सुटा लिहिला जाई. राजाचा मुलगा हे दोन शब्द हळूहळू जवळ येऊन ‘क्योनिग्सझोन’ असा एक शब्द झाला, षष्ठीचा ‘स’ आत अडकून राहिला आणि पुढे ज्या शब्दांना तो मुळात लागतच नव्हता त्यांनाही लागू लागला. जर्मन लेखक ज्याँ पॉल याला हा ‘स’ इतका खटकला की १८२० च्या सुमारास त्याने त्याविरुद्ध मोहीमच उघडली आणि स्वतःच्या आधीच्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांतून तो काढून टाकला. भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम याला हे पटले नाही. भाषेनेही ज्याँ पॉलचे ऐकले नाही, हे वेगळे सांगायला नको.

दुसऱ्या जर्मन व्याख्यानातील एक भाग मी विशेष लक्ष देऊन पुन्हा पाहिला. अंगणाची भिंत म्हणजे ‘होफमाउअर’, त्यात ‘स’ नाही. पण दफनभूमीची भिंत म्हणजे ‘फ्रीडहोफ्समाउअर’, त्यात आहे. ‘वेर्कत्सॉइग’ म्हणजे हत्यार, ‘स’ नाही. ‘हांडवेर्क्सत्सॉइग’ म्हणजे कारागिराची हत्यारे, तिथे आहे. रात्रीच्या मेजाला ‘नाख्ट’पुढे ‘स’ नको, पण मध्यरात्रीच्या प्रार्थनेला ‘मिटरनाख्ट’पुढे हवा. पहिला घटक स्वतःच जोडशब्द असेल, तर मुख्य सांधा कुठे आहे हे ऐकणाऱ्याला कळावे म्हणून ‘स’ येण्याकडे कल वाढतो, हा निष्कर्ष व्याख्याते ‘नियम’ म्हणून मांडत नाहीत, ‘कल’ म्हणून मांडतात, आणि हा संयम मला आवडला. अनुवादकाच्या दृष्टीने हे सोन्यासारखे आहे: लांब शब्दात ‘उंग्स’ दिसले की तिथे तोडायला हरकत नाही. मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न राज्याने केलेल्या आणि २०१३ साली रद्द झालेल्या गोमांसाच्या लेबलांविषयीच्या कायद्याचे ६३ अक्षरी नाव सगळे जण गंमत म्हणून सांगतात. येथे ते पडद्यावर ठेवून तोडून दाखवले आहे, आणि त्यातील तीन ‘स’ व एक ‘न’ वेगळ्या रंगात रंगवताच तो अजस्र शब्द एकदम वाचता येऊ लागतो.

जोडघटक जर्मन भाषकांनाही नेहमी ठाऊक असतो असे नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले आहे. नुकसानभरपाईला जर्मनीच्या नागरी संहितेत ‘शाडेन्सएर्झात्स’ असा ‘स’सहित शब्द आहे, तर ऑस्ट्रियाच्या संहितेत ‘शाडेनएर्झात्स’. प्राप्तिकराच्या जर्मन कायद्याच्या नावात मधला ‘स’ नाही, पण सामान्य लोक तो सर्रास लिहितात. कायद्याच्या कागदांचा अनुवाद करणाऱ्याला हा भेद ठाऊक असलाच पाहिजे, कारण मूळ कागद कोणत्या देशातला आहे, याची चाहूल कधी कधी या एका अक्षरावरून लागते. अशा शब्दांची पडताळणी करण्यासाठी व्याख्याते बर्लिनच्या विज्ञान अकादमीचा डीडब्ल्यूडीएस हा विनामूल्य ऑनलाइन कोश वापरायला लावतात. कोणते रूप कोणत्या काळात किती वापरात होते, याचा आलेख तिथे पाहता येतो. वर्गासाठी पैसे न मोजणाऱ्यांनीही हा कोश हाताशी ठेवावा.

डचवरचे व्याख्यान सर्वांत रंजक आहे आणि त्याचे कारण विषयातच आहे. डच भाषेत मधल्या ‘न’वरून जेवढे वाद झाले, तेवढे दुसऱ्या कोणत्या भाषेत एका अक्षरावरून झाले असतील असे वाटत नाही. तव्यावरच्या गोड धिरड्याला आधी ‘पानेकूक’ लिहीत. १९९५ च्या सरकारी लेखनसुधारणेने त्यात ‘न’ घातला, कारण पहिल्या शब्दाचे, म्हणजे तव्याचे, अनेकवचन ‘एन’ने होते. धिरडे एकाच तव्यावर होते, हा आक्षेप लोकांनी लगेच घेतला. सूर्य किंवा चंद्र असे एकमेवाद्वितीय पद असेल तर ‘न’ नको, असा अपवादही त्याच नियमात होता, म्हणून सूर्यप्रकाश बिनअनेकवचनी राहिला. घोड्याच्या नावाचे रानफूल १९९५ मध्ये अपवाद म्हणून वाचले, पण २००५ च्या फेरतपासणीत त्यालाही ‘न’ चिकटला. तेव्हा वैतागलेल्या वृत्तपत्रांनी सरकारी शुद्धलेखनाच्या हिरव्या पुस्तिकेकडे पाठ फिरवली आणि २००६ मध्ये निघालेली पर्यायी पांढरी पुस्तिका जवळ केली. गंमत म्हणजे नेदरलँड्सच्या बहुतेक भागात हा ‘न’ उच्चारलाच जात नाही. सगळी लढाई कागदावरची. राणीच्या वाढदिवसाचा सण २०१४ पासून राजाच्या वाढदिवसाचा झाला, तेव्हा जोडघटकही बदलून ‘कोनिंग्सडाख’ असा ‘स’ आला, हा बारकावा व्याख्यात्यांनी अचूक टिपला आहे.

ग्रीक, लॅटिन आणि रशियन यांना मिळून एकच व्याख्यान दिले आहे. ग्रीकमधील जोडस्वर ‘ओ’ आणि लॅटिनमधील ‘इ’ इंग्रजीतून आपल्या रोजच्या बोलण्यात आले आहेत. ‘ओ’ हा व्यंजनापूर्वी टिकतो आणि स्वरापूर्वी गळतो, म्हणून रुग्णालयाच्या पाटीवर ‘गॅस्ट्रोस्कोपी’ असते आणि अहवालात ‘गॅस्ट्रायटिस’. ‘स्पीडोमीटर’मध्ये तर ‘स्पीड’ हा अस्सल इंग्रजी शब्द असूनही ग्रीक ‘ओ’ त्याला चिकटला, म्हणजे जोडस्वर आपले मूळ घर सोडून परक्या शब्दांतही कामाला लागतो. आपल्याकडे ‘थर्मामीटर’मध्ये त्याच ‘ओ’चा ‘आ’ झाला, त्याचा उल्लेख मात्र नाही. मराठी श्रोत्यांसमोर तो हवा होता. रशियनमधला नियम सुटसुटीत आहे: कठोर व्यंजनानंतर ‘ओ’, मृदू (रशियनमध्ये याचा अर्थ तालव्य छटेच्या) व्यंजनानंतर आणि काही उष्म व्यंजनांनंतर ‘ए’. म्हणून वाफेवर चालणारी ती ‘पारोखोद’, म्हणजे आगबोट, आणि पायी चालणारा तो ‘पेशेखोद’. याहून अधिक त्या व्याख्यानात काही नाही आणि अपेक्षाही नव्हती.

आता उणिवांकडे. सातवे व्याख्यान ‘संस्कृत आणि मराठी’ असे आहे आणि त्यातील संस्कृतचा अर्धा भाग चांगला आहे. विभक्तीचा लोप न होणारे अलुक् समास, म्हणजे युधिष्ठिर, सरसिज, खेचर हे शब्द, जर्मन ‘स’च्या शेजारी ठेवून दाखवले आहेत: दोन्हीकडे विभक्ती आत अडकून राहिली, फरक एवढाच की संस्कृतात तिचा अर्थ जिवंत राहिला. ‘विश्व’ आणि ‘मित्र’ यांच्यामधला स्वर ऋषीच्या नावातच दीर्घ होतो, एखाद्या सामान्य मुलाचे नाव असेल तर ‘विश्वमित्र’च राहते, हे पाणिनीने स्वतंत्र सूत्र करून नोंदवले आहे, तेही येते. धातू आणि प्रत्यय यांच्यामध्ये येणारा ‘इ’, म्हणजे इडागम, हा ‘पठितुम्’मध्ये येतो आणि ‘गन्तुम्’मध्ये येत नाही. शब्दांना जोडणारा स्वर आणि प्रत्यय जोडणारा स्वर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे स्पष्ट केले आहे.

मराठीची पाळी येताच मात्र व्याख्याते संधी आणि समास यांचे शालेय प्रकार सांगून मोकळे होतात आणि ‘मराठीत स्वतःचे जोडघटक फारसे नाहीत’ असे विधान करून थांबतात. हे विधान टिकणारे नाही. ‘घरोघर’, ‘दारोदार’, ‘गावोगाव’, ‘मागोमाग’, ‘पाठोपाठ’ यांतील ‘ओ’ कुठून आला? संस्कृत विसर्गसंधीतून तो आलेला नाही, कारण घराला आणि दाराला विसर्ग नाही. टिपणातील तक्त्यात मात्र ‘घरोघर’ आणि ‘मनोरथ’ एकाच रकान्यात टाकले आहेत. ‘मनोरथ’मधला ‘ओ’ हा ‘मनस्’चा आहे, ‘घरोघर’मधला ‘ओ’ हा द्विरुक्ती जोडणारा मराठी जोडस्वर आहे. ‘मनोमन’ हा शब्द या दोहोंच्या मध्ये कुठे बसतो, हा खरा चर्चेचा मुद्दा झाला असता. तसेच ‘मारामारी’, ‘पळापळ’, ‘रडारड’, ‘ढकलाढकली’ यांतील मधला ‘आ’. नामाची द्विरुक्ती असेल तर ‘ओ’, क्रियेची असेल तर ‘आ’, इतकी सुबक वाटणी मराठीत आपण न शिकता पाळतो. कोणी ‘पळोपळ’ म्हणत नाही आणि ‘घराघर’ एकटे उभे राहत नाही, त्याला ‘घराघरात’ असा विभक्तीचा आधार लागतो.

याहून मोठी हुकलेली संधी म्हणजे ‘घोडा’. वर्गाच्या तिसऱ्या व्याख्यानात ‘रिंड’ म्हणजे गुरे या शब्दाची तीन रूपे दाखवली आहेत: मांसाच्या शब्दात नुसते ‘रिंड’, भाजलेल्या मांसाच्या शब्दात ‘रिंडर’ आणि कातड्याच्या शब्दात ‘रिंड्स’. एकच शब्द, तीन सांधे, आणि कोणता कुठे हे केवळ रूढीने ठरलेले. मराठीत नेमके हेच ‘घोडदळ’, ‘घोडेस्वार’ आणि ‘घोडागाडी’ यांत आहे. घोडेस्वार एका वेळी एकाच घोड्यावर बसतो, म्हणून तो ‘ए’ अनेकवचनाचा मानता येत नाही, अगदी त्या जर्मन अंड्यासारखा. ‘कांदेपोहे’ म्हणायचे, पण ‘कांदाभजी’. ‘आंबेमोहोर’ म्हणायचे, पण ‘आंबाबर्फी’. ‘बटाटेवडा’ की ‘बटाटावडा’ यावर तर गाड्यागणिक पाट्या बदलतात आणि दोन्ही पाट्यांखालचा वडा सारखाच असतो. जर्मन भाषक प्राप्तिकराच्या ‘स’विषयी जसे दुमत राखतात, तसेच हे आहे, आणि मराठी श्रोत्याला तो जर्मन प्रकार समजावण्याचा सर्वांत जवळचा रस्ता याच पाट्यांवरून जातो.

शिवाय मराठी केवळ जोडत नाही, छाटतेही. ‘पाणी’चे ‘पाण’ होऊन पाणघोडा आणि पाणपोई, ‘पोळी’चे ‘पोळ’ होऊन पोळपाट, ‘केळ’ आणि ‘फूल’ यांचे केळफूल पण ‘फूल’ आधी आले की ऱ्हस्व ‘फुल’ होऊन फुलपाखरू, ‘लोणी’चे ‘लोण’ होऊन लोणकढे तूप (आणि लोणकढी थापही). मुद्रितशोधक ज्या नियमाशी रोज झगडतात, तोही सांध्याचाच आहे: १९६२ च्या लेखननियमांप्रमाणे सुटा ‘कवी’ दीर्घ, पण ‘कविसंमेलन’ ऱ्हस्व, सुटी ‘बुद्धी’ दीर्घ, पण ‘बुद्धिमान’ ऱ्हस्व. म्हणजे संस्कृत शब्दाचे मूळ रूप सांध्यापाशी टिकून राहते आणि शब्द सुटा होताच मराठी होतो. डच ‘न’वर अख्खे व्याख्यान खर्च करणाऱ्या वर्गाने आपल्या दारातील या ऱ्हस्व-दीर्घाला एक वाक्यही देऊ नये, हे नवल आहे. थेट बैठकीत मी हा मुद्दा मांडला. व्याख्यात्यांनी तो सौजन्याने ऐकून घेतला आणि पुढच्या आवृत्तीत भर घालण्याचे कबूल केले; त्या आश्वासनाला तारीख नाही.

सेवेविषयी थोडे. ध्वनी स्वच्छ आहे, पण पडद्यावरची रोमन अक्षरे भ्रमणध्वनीवर वाचवत नाहीत, संगणकावरच पाहावे. जर्मन शब्दांचे देवनागरी लेखन टिपणागणिक बदलते, एकाच शब्दाला कुठे ‘त्स’ तर कुठे ‘झ’ आहे, आणि नवशिक्याचा त्यामुळे गोंधळ होईल. सरावाचे प्रश्न मात्र वाखाणण्याजोगे आहेत. अस्तित्वात नसलेले जोडशब्द तयार करायला सांगतात, उदाहरणार्थ वर्तमानपत्र आणि छत्री, आणि मग तुम्ही ‘त्साइटुंग’पुढे ‘स’ का लावला, हे लिहायला लावतात. उत्तर बहुतेक वेळा ‘कानाला तसे वाटले’ असे येते आणि तेथूनच शिक्षण सुरू होते. उत्तरे तपासून दोन-तीन दिवसांत परत येतात, शेरे छापील साच्यातील नसतात.

जर्मनचा अनुवाद करून पोट भरणाऱ्याने हा वर्ग घ्यावा, आणि जर्मनच्या वरच्या परीक्षांची तयारी करणाऱ्यानेही. केवळ मराठी किंवा संस्कृतच्या ओढीने येणाऱ्याने सातव्या व्याख्यानाची सुधारित आवृत्ती येईपर्यंत थांबावे. एकेक व्याख्यान सुटे विकत मिळत नाही, संपूर्ण वर्गच घ्यावा लागतो; संस्थेने जर्मनची तीन आणि डचचे एक असा वेगळा संच केला, तर त्याचा खप आजच्यापेक्षा अधिक होईल असे मला वाटते.